बाबांची पेटी : प्रकल्प नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५

बाबा ९ नोव्हेंबर २०२४ ला गेले. महार रेजिमेंटमधून १९८५ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात चार एकर शेती केली. पहिल्या स्मृतिदिनापर्यंत त्यांची पेटी नीट करायची, मेडल काचेच्या चौकटीत लावायची आणि एक छोटी पुस्तिका छापायची, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. माजी सैनिकांची अशी एक तरी पेटी विदर्भात गावोगावी माळ्यावर पडलेली असते. कुणी ती उघडणार असेल तर माझे हाल त्याच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून या नोंदी.

३ ऑगस्ट

पेटी माळ्यावरून खाली काढली. काळी लोखंडी ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. हुद्दा दोनदा खोडून नव्यानं रंगवलेला दिसतो. कवेलूच्या फटीतून दोन पावसाळे पाणी आत गेलं असावं. एका कोपऱ्यात तळ गंजून पापुद्रे सुटलेत. उधई लागलेली नाही, हे नशीब. डांबरगोळ्या होत्या, त्यांची फक्त भुकटी उरली होती.

पहिली चूक लगेच केली. भराभर सगळं बाहेर काढून खाटेवर मांडलं. कशावर काय होतं, कोणतं पत्र कोणत्या गठ्ठ्यात होतं, याचा माग त्यात गेला. दुसऱ्या थरापासून भान आलं आणि प्रत्येक थराचा आधी मोबाइलवर फोटो काढला. तुम्ही पहिल्या थरापासूनच काढा.

आत निघालं ते असं: तंबाखूच्या डब्यात मेडल, डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळालेली नोंदपुस्तिका), एक बेल्ट, रेजिमेंटच्या चिन्हाचं बक्कल, लोकरीची बनियन, बुटाचा ब्रश, दोन वह्या आणि सुतळीनं बांधलेले पत्रांचे गठ्ठे. पत्रं ६१ भरली. बाबांनी आईला पाठवलेली २३ आणि आईकडून बाबांना गेलेली ३८. आईची पत्रं त्यांनी अठरा वर्षं पोस्टिंगमागून पोस्टिंग सोबत वागवली आणि परत घरी आणली, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलाही नाही.

आईला लिहिता येत नाही.

६ ऑगस्ट

नऊ पत्रं ओल लागून एकमेकांना चिकटली आहेत. निळ्या अंतर्देशीय पत्रांना कडेला डिंक असतो, तोच विरघळून पसरलाय. लवकर सुटतील म्हणून एका जोडीवर जुनं धोतर टाकून कोमट इस्त्री फिरवली. डिंक आणखीच घट्ट बसला आणि ओलीच्या वाफेनं शाई पसरली. ती दोन पत्रं गेली. तिसरं मी हातानं ओढून फाडलं.

मग काम थांबवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी जुन्या पोथ्या आहेत. त्यांनी सांगितलं तसं केलं: टीपकागदाच्या दोन तावांत पत्र, वर पाट, पाटावर वजन, आणि सावलीत तीन दिवस. रोज टीपकागद बदलायचा. मग बांबूची पातळ कांबट एका कोपऱ्यातून हळूच सरकवायची. उरलेली सहाही सुटली. घाई केली नसती तर नऊच्या नऊ वाचली असती.

शाईबद्दल लक्षात आलेली गोष्ट: दौतीची निळी शाई पाण्याला टिकत नाही, बॉलपेन बऱ्यापैकी टिकतं, आणि सगळ्यात खणखणीत राहतं ते साधं शिसपेन्सिलीचं अक्षर.

टीपकागद आणि खादीचा हातकागद मिळून ३४० रुपये.

१५ ऑगस्ट

शाळेतलं झेंडावंदन आटोपून मेडल काढली. पाच आहेत. पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, दोन्ही १९७१ च्या युद्धाची. सैन्य सेवा मेडल. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, जे १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना मिळालं. आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं.

स्टार काळवंडला होता. पितळी भांडी उजळतात तशी चिंच लावली. पाच मिनिटांत गुलाबी-लालसर डाग उमटले, एका टोकाला जास्त. तो जुना तपकिरी रंग पन्नास वर्षांत चढलेला होता, तो मी घालवला. लगेच शुद्ध पाण्यानं धुतला, सुती कापडानं टिपला आणि ठेवून दिला. आता त्याला काही लावायचं नाही. मेडलला चिंच, लिंबू, रांगोळी, पॉलिश काहीही लावू नका. कोरड्या मऊ कापडानं धूळ पुसा, तेवढं पुरे. सैनिकाचा नंबर आणि नाव मेडलवरच कोरलेलं असतं. घासून घासून ते पुसट होतं आणि एकदा गेलं की हे मेडल कुणाचं, ते सांगायला काही उरत नाही.

२४ ऑगस्ट

पोळा आणि तान्हा पोळा यात चार दिवस गेले. दादाकडे आता बैल नाहीत, पण बाबांनी जपलेल्या झुली त्यानं उन्हात घातल्या.

मध्य प्रदेशातल्या सागरला महार रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला होता. बाबांचं प्रशिक्षण सागरलाच झालं. १९६७ साली ते इथून गाडीत बसले आणि नागपूर, इटारसी, बीना करत सागरला उतरले, हे त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. अर्ज परत आला, कारण मी सेवा क्रमांक लिहिलाच नव्हता. तो पेटीच्या झाकणावर हातभर अक्षरांत समोर होता. ही चूक पूर्णपणे माझी. अर्जाला काय लागतं ते इथं मांडते: सेवा क्रमांक, हुद्दा, नाव, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, पीपीओची (पेन्शन देण्याच्या आदेशाची) प्रत आणि कुटुंब पेन्शन ज्यांच्या नावे आहे त्यांची सही किंवा अंगठा. आईचा अंगठा घेऊन अर्ज पुन्हा पाठवला.

डिस्चार्ज बुकातल्या फोटोच्या पानाचीही एक गोष्ट. दादानं ते पान फार वर्षांपूर्वी लॅमिनेशन करून आणलं होतं, खराब होऊ नये म्हणून. आता प्लास्टिकच्या आत फोटोवर बुडबुडे आलेत आणि ते सोडवता येत नाही. स्टुडिओवाल्यानं सांगितलं, सोडवायला गेलात तर चेहराही प्लास्टिकसोबत निघून येईल. शेवटी खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, तिरप्या कोनातून फोटो काढला. त्यातल्या त्यात बरा आला. दादा गप्प झाला होता. त्याला म्हटलं, तू जपायलाच गेला होतास.

३१ ऑगस्ट

पत्रं स्कॅन करायला लागले. रोज संध्याकाळी दीड तास, एका बैठकीत आठ-दहा पत्रं होतात. आधी मोबाइलनं काढत होते, पण घडीच्या ठिकाणची अक्षरं सावलीत जात होती. तालुक्याहून स्कॅनर मागून आणला आणि ६०० डीपीआयवर सगळी पुन्हा केली. तीन संध्याकाळी वाया गेल्या.

खरी अडचण तारखांची. बाबांच्या पत्रांवर तारीख असते, ठिकाण नसतं. पत्ता एवढाच: नंबर, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस. फौजेचं टपाल असंच चालतं. दिल्लीच्या टपाल केंद्रातून ५६ आणि कोलकात्याच्या केंद्रातून ९९ क्रमांकानं पत्रं पुढं जातात, आणि जवान नेमका कुठं आहे ते पाकिटावरून कळत नाही. आईच्या पत्रांचं उलटं आहे. वर गावाचं नाव असतं, तारीख बहुतेक वेळा नसते. लिहिणाऱ्याला ती टाकायची सवयच नव्हती.

लिहिणारा कोण, तेही कळत नव्हतं. अक्षर एकाच हाताचं आहे. आधीच्या पत्रांत मोठं, ओळीवर न टिकणारं. नंतरच्या पत्रांत वळण आलेलं. पत्ता इंग्रजीत, बहुधा बाबांनी पाठवलेल्या कागदावरून अक्षर अक्षर उतरवलेला. मायना नेहमी एकच: ‘सप्रेम जयभीम, वि. वि.’ आणि मग सासूची तब्येत, पऱ्हाटीला बोंडं किती, गाय व्याली, पैसे मिळाले.

आईला विचारलं. म्हणाली, “शेजारचा पोट्टा होता. सातवीत शिके. त्याले बोलावून आणू अन् मी सांगू, तो लिहे.” नाव तिला आठवतं, पण त्यांचं घर १९८० च्या आसपास बल्लारपूरकडे गेलं.

७ सप्टेंबर

आजचा दिवस मोठा होता.

एक अंतर्देशीय पत्र मी दोनदा बाजूला ठेवलं होतं, कारण त्यावर मजकूर फार थोडा होता. आज पूर्ण उलगडून काचेवर ठेवलं. मधोमध एका बाळपावलाची आकृती आहे. टाचेपासून बोटांपर्यंत एक सलग रेघ, करंगळीपाशी जराशी हललेली. पोस्टात असायची ती, ओली झाली की जांभळी उमटणारी पेन्सिल वापरलीय. टाचेच्या जागी ओल लागून रेघ जांभळी पसरली आहे. पावलाच्या बाजूनं, उरलेल्या जागेत, गोल फिरवत चार ओळी लिहिल्यात. अंतर्देशीयात वेगळा कागद घालायला बंदी असे, म्हणून माप पत्रावरच काढलं असणार. मजकूर असा: ‘तुम्ही म्हटलं तसं माप पाठवलं आहे. दोन बोटं जास्त घ्यावं. सुट्टी मिळाली की कळवावं.’

तारीख नाही. टपालाचा शिक्का काळा ठिपका झालाय. पण छापील तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट आहे, ‘शरणार्थी सहायता’. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी हे जादा पाच पैसे १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर सक्तीचे झाले होते आणि मार्च १९७३ अखेरपर्यंत चालले. म्हणजे पत्र त्या तारखेच्या आधीचं नाही. दादाचा जन्म एप्रिल १९७० चा. पावलाची लांबी मोजली, साडेअकरा सेंटिमीटर. दीड-पावणेदोन वर्षांच्या पोराचं पाऊल. म्हणजे १९७१ चा नोव्हेंबर संपता संपता किंवा डिसेंबर. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १७ तारखेच्या रात्री पश्चिम सीमेवर गोळीबार थांबला. याच सुमारास कधीतरी हे पाऊल ५६ एपीओच्या थैलीतून बाबांपर्यंत गेलं.

आईला दाखवलं. तिनं हातात घेतलं, चष्मा लावला नाही, बोटानं रेघेवरून फिरवलं. “ते बूट आले पुढच्या उन्हाळ्यात. तवापर्यंत पाय मोठा झालता. घातलेच नाही एक दिवस.” थोडं थांबून म्हणाली, “मंग तुह्या बाबानं नेमच केला. सुट्टीच्या दोन महिने आधी लिहू लागले, माप पाठव.”

दुसऱ्या गठ्ठ्यात जाड लिफाफा होता, तो मी वह्यांचे सुटे कागद समजून ठेवून दिला होता. तो उघडला. त्यात अकरा मापं. दादाची पाच, माझी तीन, धाकटीची दोन. प्रत्येकावर मागं बाबांच्या अक्षरात साल आणि बुटाचा नंबर. अकरावं माप आमच्यापैकी कुणाचंच नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं पाऊल, मागं फक्त ‘१९७२’ आणि ‘नं. ४’.

बाबा स्वतः चौथीपर्यंत अनवाणी शाळेत गेले. ऑक्टोबर १९५६ मध्ये आजोबांनी त्यांना बंडीत बसवून नागपूरला दीक्षाभूमीवर नेलं, तेव्हा ते आठ वर्षांचे. त्या दिवसाचं ते सांगत ते पांढऱ्या कपड्यांचं आणि तापलेल्या फुफाट्यात भाजलेल्या पायांचं. दर रविवारी रात्री छपरीत पोतं अंथरून ते आमचे शाळेचे बूट ओळीनं मांडायचे आणि ब्रशनं घासायचे. शेजारची पोरंही आपापले बूट आणून ठेवायची. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्याच्यामागचं आज कळलं.

१४ सप्टेंबर

चौकटीचं काम गावातल्या सुताराला दिलं. सागवान, समोर काच, दोन फूट बाय दीड फूट, खोली सव्वा इंच. २,८०० रुपये. मेडलांसाठी सव्वा इंच भरपूर होते.

मेडलांच्या फिती विरल्या होत्या. कामठीला छावणीजवळच्या दुकानात पाचही मिळाल्या, ७० रुपयांना एक. जाण्यायेण्याचे ४२० रुपये. जाताना मूळ मेडल नेऊ नका, मोबाइलवर फोटो दाखवला तरी ते ओळखतात. स्टार आधी, मग संग्राम मेडल, आणि पुढचा क्रमही दुकानदारानंच कागदावर लिहून दिला. तिथंच एक गोष्ट कळली: घरच्या कुणी कार्यक्रमात ही मेडल लावायची असली तर ती उजव्या छातीवर. डावी बाजू ज्यानं कमावली त्याची.

आतल्या अस्तराला मखमल घेणार होते. स्टुडिओवाल्यानं नको म्हटलं, रंग सुटतो. वर्ध्याहून न रंगवलेली खादी आणली, २६० रुपये.

२१ सप्टेंबर

मेडल खादीवर मांडून चौकट ओसरीत ठेवली आणि आईला बोलावलं. ती बराच वेळ पाहत होती.

“बाई, हे बिल्ले त सरकारनं देल्ले. तुह्या बाबाचं काय ठेवलं याच्यात?”

मी उत्तर दिलं नाही. रात्री पुस्तिकेचा मसुदा काढून वाचला. पहिल्या सोळा पानांत ‘शूर’, ‘पराक्रमी’, ‘देशासाठी’ हेच शब्द फिरून फिरून येत होते. त्या पानांवर गावातल्या कुठल्याही फौजीचं नाव टाकलं असतं तरी चाललं असतं. बाबा आमच्याशी लढाईबद्दल जवळपास बोललेच नाहीत. जे ते बोलले नाहीत, ते मी वर्तमानपत्री शब्दांनी भरून काढत होते. ती पानं काढून टाकली. तीन आठवड्यांचं लिखाण होतं.

नवीन मांडणी: मधोमध पावलाचं पत्र, एका बाजूला मेडल, खाली ब्रश. ब्रशचे केस झिजून लाकडाला टेकलेत, पाठीवर त्यांचा नंबर कोरलाय. ब्रश पावणेतीन इंच जाड निघाला. चौकट सुताराकडे परत. खोली साडेतीन इंच करून घ्यायला आणखी ९०० लागले. चौकट करायला टाकण्याआधी आत काय काय ठेवायचं ते सगळं जमिनीवर मांडून मोजा. मी उलटं केलं.

२ ऑक्टोबर

दीक्षाभूमीवर जाऊन आलो, आई पण आली. काम बंद.

५ ऑक्टोबर

शेजारच्या गावात बाबांच्या सोबत नोकरी केलेले एक काका आहेत, वय ७८. त्यांच्याकडे रेकॉर्डिंगला गेले. दोन तास बोलले. १९४१ साली बेळगावला रेजिमेंट उभी राहिली तेव्हाच्या जुन्या लोकांकडून ऐकलेलं, सागरच्या मैदानावरची परेड, हिवाळ्यात खंदकात रात्रभर पाय ओले राहायचे ते. बाबांबद्दल म्हणाले, “पगार झाला की हा आधी मनीऑर्डर लिहे, मंग चहा पिये.”

घरी येऊन ऐकलं तर पहिल्या पन्नास मिनिटांत डोक्यावरच्या पंख्याची घरघर त्यांच्या आवाजावर बसलेली. पुढं मोबाइलची जागा भरली आणि रेकॉर्डिंग थांबलं, मला कळलंच नाही. मनीऑर्डरचं वाक्य मी वहीत टिपलं होतं म्हणून वाचलं. पुन्हा जायचं ठरवलं, पण काका आता मुलाकडे चंद्रपूरला गेलेत, दिवाळीनंतर येतील. वयस्कर माणसाकडे जाताना पंखा बंद करायला सांगा, पाच मिनिटं रेकॉर्ड करून तिथंच ऐकून बघा, फोन आधी रिकामा करून न्या.

बाबांच्या स्वतःच्या आवाजाचं काही आहे का, ते शोधलं. एकही व्हिडिओ नाही. लग्नाच्या सीडीत ते पंगतीत वाढताना पाठमोरे दिसतात. दादाच्या जुन्या मोबाइलमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होत. त्यात एक सापडला, चाळीस सेकंदांचा. दादा हिंगणघाटला होता. “तुरीची फवारणी झाली. तू जेवला का? बस भेटली का? नाही भेटली त थांब, मी येतो गाडी घेऊन.” तीन ठिकाणी कॉपी करून ठेवलाय.

१२ ऑक्टोबर

सोयाबीन काढणीत घरचे सगळे शेतात, मी एकटीच कामाला. सागरहून कागद आला. भरतीची आणि निवृत्तीची तारीख, हुद्दे, मेडल. आमच्या हिशोबाशी सगळं जुळलं, फक्त नाईकचा हुद्दा मिळाल्याचं साल मी दोन वर्षांनी चुकवलं होतं. पुस्तिकेत दुरुस्त केलं.

त्याच दिवशी भाच्यानं उत्साहानं फ्लेक्स करून आणला. मागं रणगाडे आणि मोठ्या अक्षरात ‘लोंगेवालाचा वीर’. लोंगेवाला ही १९७१ च्या युद्धातली राजस्थान सीमेवरची लढाई. बाबा लोंगेवालात नव्हते. ती लढाई पंजाब रेजिमेंटच्या २३व्या बटालियनच्या एका कंपनीनं ४ आणि ५ डिसेंबरच्या रात्री लढली. पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम आघाडी, एवढं ऐकून पोरानं नाव जोडलं. त्याचा दोष नाही, मजकूर मी आधी पाहून द्यायला हवा होता. दुसऱ्यांच्या लढाईचं श्रेय बाबांच्या नावावर लावणं त्यांना अजिबात सहन झालं नसतं. ते पैशाचाही हिशोब दुसऱ्याच्या वहीत राहू देत नसत. ९०० रुपये गेले. फ्लेक्स उलटा करून कापसाच्या ढिगावर झाकायला दादाला दिला.

१९ ऑक्टोबर

पुस्तिका डीटीपीला दिली. ३२ पानं, १५० प्रती, प्रत ५२ रुपयांना. मजकूर मी युनिकोडमध्ये टाइप केला होता, त्यांच्याकडे जुना फॉन्ट. रूपांतर करताना रफार उडाले. ‘वर्धा’चं ‘वधा’, ‘सर्व’चं ‘सव’. प्रूफ मी मोबाइलवर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, घाईनं पाहिलं. छापून आल्यावर एका फर्म्यात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात) अकरा चुका निघाल्या, त्यातल्या दोन आईच्या नावात. तो फर्मा पुन्हा छापला, १,२०० रुपये. प्रूफ कागदावर घ्या आणि दोन माणसांनी वाचा, एकानं मोठ्यानं.

२६ ऑक्टोबर

चौकट आली. काच स्वतः बसवून घेतली, ६५० रुपये. प्लायच्या मागच्या फळीवर आधी हातकागद लावला, त्यावर खादी. पत्र आणि लाकूड यांचा थेट संबंध येऊ दिला नाही. डिंक कुठंही वापरला नाही, मेडल आणि ब्रश खादीला दोऱ्यानं टाके घालून बसवलेत, म्हणजे उद्या काढता येतील. खाली दोन बारीक भोकं, आत दमट राहू नये म्हणून. भिंतीपासून अर्धा इंच सुटी राहावी म्हणून मागं लाकडाचे गुटके.

पत्रावरून आईशी माझा वाद झाला. मी रंगीत प्रत लावणार होते, कारण उजेडानं जांभळी रेघ फिकी पडेल. आईला मूळच हवं होतं. “कापी काऊन लावतं? त्यानं हेच वागवलं.” शेवटी ठरलं ते असं: ९ तारखेला एक दिवस मूळ पत्र, दुसऱ्या दिवशी ते खादीच्या कागदात गुंडाळून पेटीत, आणि चौकटीत प्रत. मला अजूनही वाटतं की प्रत लावणं बरोबर. पण त्या एका दिवसाला मी नाही म्हणू शकले नाही.

आतापर्यंतचा एकूण खर्च १५,६२० रुपये. त्यातले ३,००० निव्वळ चुकांचे.

२ नोव्हेंबर

पेटी. गंजलेला तळ खरडला, आतून लाल ऑक्साइडचे दोन हात, घरातला उरलेला डबा होता. वरचा पांढरा नंबर आणि नाव तसंच ठेवलं. दादा नव्यानं रंगवू म्हणत होता. खोडलेले दोन हुद्दे त्यात झाकले गेले असते, म्हणून नको म्हटलं.

९ नोव्हेंबर

सकाळी विहारात वंदना, मग घरी भोजनदान. सव्वाशेच्या वर लोक आले. चौकट ओसरीत, ऊन येणार नाही अशा भिंतीला. भाच्यानं मेडलांच्या छोट्या प्रतिकृती उजव्या बाजूला लावल्या होत्या.

लोक मेडलांपाशी येत आणि पावलापाशी थांबत. दादा दिवसभर तिथं उभा राहून सांगत होता, हा माझा पाय.

दुपारी साधारण दोन वाजता बल्लारपूरहून एक गृहस्थ आले, सोबत मुलगा. वय पासष्टच्या पुढं. आमच्या मावसभावानं त्यांचा पत्ता काढून निरोप दिला होता, मला कल्पना नव्हती. आईनं चेहऱ्यावरून ओळखलं नाही. त्यांनी जयभीम घातला आणि चौकटीजवळ जाऊन पत्र वाचायला लागले, चष्मा काढून, अगदी जवळून. म्हणाले, “हे अक्षर माह्यं आहे.”

मी आतून लिफाफा आणला. अकरावं माप त्यांच्यासमोर धरलं. १९७२, नंबर ४. ते खाली बसले. त्या साली बाबा सुट्टीवर आले तेव्हा दादाच्या बुटांसोबत एक काळी जोडी त्यांच्यासाठी आणली होती. पत्रं लिहिल्याबद्दल काय देऊ, असं बाबांनी पत्रातून विचारलं होतं, आणि पोरानं उत्तरात आईला न सांगता स्वतःचं माप काढून पाठवलं होतं. आईला हे आज कळलं. पन्नासहून जास्त वर्षांनी.

जेवताना ते आईजवळ बसले. मी वाढत होते तेव्हा कानावर आलं, “काकू, तुम्ही सांगत होत्या ते सगळं मी नाही लिहिलं. बारा वर्षांचा होतो. काही गोष्टी लिहाले लाज वाटे. मंग मी तिथं ‘गाय बरी आहे’ असं लिहून द्यो.” आई काही बोलली नाही. पदर तोंडाला लावला होता, हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

मी त्यांना विचारलं, काय काय सोडलं ते आठवतं का. म्हणाले, बरंच आठवतं, पण इथं गर्दीत नाही.

ते गुरुवारपर्यंत मुक्कामाला बहिणीकडे आहेत, तीन किलोमीटरवर. बुधवारी शाळा सुटल्यावर आईला घेऊन जायचं ठरलंय. आज रात्रीच फोन रिकामा केला. पंखा बंद ठेवायला त्यांच्या बहिणीला सांगून ठेवलंय.